गिलावा द्या, पण चुन्याचाच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिकेचा गिलावा 1950 च्या दशकात उतरवला गेला. तेव्हापासून उघड्या जांभ्यावर पाऊस पडतो आहे आणि तो पुन्हा झाकावा की नाही, हा वाद अधूनमधून डोकं वर काढतो. झाकायचाच ठरला तर गिलावा कशाचा असेल, हा प्रश्न आमच्या मते अधिक महत्त्वाचा आहे. ज्या संत फ्रान्सिस झेवियरचं शव या बॅसिलिकेत आहे, त्याच्याच नावाच्या एका चर्चने या प्रश्नाचं उत्तर फार मोठी किंमत मोजून मिळवलं आहे.

अमेरिकेत अ‍ॅरिझोनातील टूसॉन शहराच्या दक्षिणेला, तोहोनो ओओधाम या मूळनिवासी लोकांच्या भूमीवर 'सान झेवियर देल बाक' उभं आहे. जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाचा पाद्री किनो तिथे 1692 मध्ये पोहोचला. आजची इमारत मात्र फ्रान्सिस्कन या दुसऱ्या धर्मसंघाच्या पाद्र्यांनी 1783 ते 1797 या काळात बांधली. तेव्हा हा मुलूख स्पेनच्या साम्राज्याची उत्तर सीमा होता. पूर्वेचा मनोरा अपुरा राहिला, तो आजही तसाच आहे. त्या वाळवंटात लांब तुळया मिळणं कठीण, म्हणून छतही विटांच्या उथळ घुमटांचं. भिंती दोन्ही अंगांनी विटांच्या, मध्ये दगड आणि चुन्याची भर. आतली मुख्य वेदीसुद्धा वीट आणि गिलाव्यातूनच घडवून रंगवलेली. संगमरवर वाटतो तो रंग आहे. म्हणजे इथे गिलावा गेला की कलाकृतीच गेली.

विसाव्या शतकात दुरुस्ती म्हणून बाहेरून सिमेंटचा गिलावा चढवला गेला आणि घात झाला. कमी भाजलेली वीट मऊ आणि सच्छिद्र असते, सिमेंट कडक आणि घट्ट. उन्हाने दोघं सारखे फुगत-आकसत नाहीत, त्यामुळे सिमेंटला केसाएवढ्या भेगा पडतात. उन्हाळ्यातल्या वादळी पावसाचं पाणी त्या भेगांतून आत शिरतं. चुन्यातून ते वाफ होऊन निघून गेलं असतं. सिमेंट त्याला बाहेर पडू देत नाही. मग पाणी आतल्या बाजूला सरकतं, वाटेत क्षार विरघळवतं आणि चित्रांच्या मागे सुकतं. तिथे मिठाचे स्फटिक वाढले की रंगाचे पोपडे सुटतात. बाहेरून भिंत ठणठणीत दिसते आणि सिमेंटखाली विटेचा भुगा होत असतो.

1992 ते 1997 दरम्यान आतल्या चित्रांवर आणि मूर्तींवर काम झालं. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या हाताखाली ओओधाम तरुणही तयार झाले. पण पाणी आत येत राहिलं तर ती मेहनत वाया जाणार, हे उघड होतं. म्हणून बाहेरचं सिमेंट काढून चुना आणि वाळूचा गिलावा देण्यात आला. त्यात तिथली जुनी रीत म्हणून निवडुंगाचा चीक मिसळला. निवडुंग म्हणजे आपल्या बांधावरचा फड्याच; तो मूळचा अमेरिकेचाच. पानं चिरून पाण्यात भिजवली की बुळबुळीत चीक सुटतो. तो पाणी धरून ठेवतो, गिलावा सावकाश सुकतो आणि थापीखाली नीट बसतो. आपल्याकडे गूळ, बेलफळ, हिरडा चुन्यात घालत, तेही अशाच गुणांसाठी.

गोव्यात किंवा वसईत असं काम काढणाऱ्यांनी काही गोष्टी पाळाव्यात. चुना भरपूर मुरलेला हवा. कच्ची कळी, म्हणजे पाण्यात पूर्ण न विरलेला चुना, गिलाव्यात राहिली तर नंतर फुलून खड्डे पाडते. एक भाग चुन्याला अडीच ते तीन भाग धुतलेली, मिठाचा अंश नसलेली वाळू पुरते. थर पातळ द्यावा, पहिला घट्ट झाल्यावरच दुसरा. ऊन-वाऱ्यापासून जपायला ओलं गोणपाट टांगावं, कारण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कडक होतो आणि त्यासाठी त्याला ओल लागते. घाईने सुकला तर खडूसारखा भुसभुशीत राहतो. 'लवकर धरावा म्हणून' मूठभर सिमेंट टाकण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा.

चुन्याला देखभाल जास्त लागते, हे खरं आहे. पावसाळ्याआधी पन्हळी आणि छताच्या भेगा तपासणं, ठरावीक वर्षांनी चुन्याचा हात फिरवणं, हा खर्च कामाच्या अंदाजपत्रकात पहिल्याच दिवशी लिहिलेला असावा.

आपले,
चुनाकामातले काही वाचक, वसई