माझे हात चालतात, माझी पाटी चालत नाही : आरोग्यमंत्र्यांना एका निवृत्त परिचारिकेचे खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय, स. न. वि. वि.

आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून घडलं ते आधी सांगते.

गेल्या मंगळवारी सकाळी साडेअकराच्या सुमाराला दिवा पूर्वेला माझ्या दहा बाय बाराच्या खोलीसमोर सरकारी गाडी थांबली. बोगस डॉक्टर शोधणारं पथक होतं. आत तिघी बसल्या होत्या. एक सातव्या महिन्यातली, एक चौदा दिवसांची बाळंतीण आणि पायाच्या जखमेचं ड्रेसिंग करून घ्यायला आलेल्या एक आजी. तिघींना बाहेर काढलं. बीपीचं यंत्र, बाळाचे ठोके ऐकायचा फीटोस्कोप, वजनकाटा, ड्रेसिंगचा ड्रम असं सगळं टेबलावर मांडून फोटो काढले, जणू चोरीचा माल सापडलाय. पंचनामा झाला. मग एकानं स्टूल मागितलं आणि माझ्याच स्टुलावर उभं राहून माझी पाटी उतरवली.

पाटीवर काय होतं ते शब्दशः लिहिते. ‘नोंदणीकृत परिचारिका व प्रसाविका. गरोदरपणातील तपासणी, स्तनपान सल्ला, घरी शुश्रूषा.’ खाली माझा नोंदणी क्रमांक. प्रसाविका म्हणजे शिकलेली, नोंदणी झालेली सुईण. ‘डॉक्टर’ हा शब्द पाटीवर नव्हता आणि माझ्या तोंडी कधीच नव्हता. कोणी ‘मॅडम डॉक्टर’ म्हणालं तर मी दर वेळी सांगते, सिस्टर म्हणा.

मी महाराष्ट्र परिचर्या परिषदेचं प्रमाणपत्र पुढे केलं. त्यांनी ते पाहिलं, परत दिलं आणि म्हणाले, ‘हे नोकरीसाठी. दवाखान्यासाठी नाही.’ 1961 च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियमाच्या कलम 33 खाली कारवाई होऊ शकते, असंही सांगितलं. हे कलम डॉक्टर नसताना डॉक्टरकी करणाऱ्यांसाठी आहे. दुपारपर्यंत कुणीतरी काढलेला व्हिडिओ आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला होता. ‘दिव्यात बोगस लेडी डॉक्टर पकडली.’ संध्याकाळी नात विचारत होती, ‘आज्जी, बोगस म्हणजे काय?’ मी तिला उत्तर दिलेलं नाही. ते आपल्याकडून हवं आहे.

मी कोण, तेही सांगते. तीन वर्षांचं जनरल आणि वर सहा महिन्यांचं मिडवायफरी करून 1986 साली सरकारी नोकरीत लागले आणि 2021 साली परिसेविका, म्हणजे वॉर्ड सिस्टर, म्हणून निवृत्त झाले. त्या 35 वर्षांतली बरीच लेबर रूममध्ये गेली. किती बाळंतपणं केली ते मी मोजलं नाही, पण रजिस्टरात डिलिव्हरी कोणी केली हा एक रकाना असतो आणि त्यात माझी सही आहे. ती रजिस्टरं मागवा आणि मोजा.

एक रात्र मात्र मोजण्यापलीकडची आहे. 26 जुलै 2005. संध्याकाळी गाड्या बंद, रस्ते पाण्याखाली, फोन लागत नव्हते. ड्युटी बदलायला येणाऱ्या सिस्टर पोचल्या नाहीत. डॉक्टर निघाले होते, पण वाटेत अडकले. लेबर रूममध्ये आम्ही दोघी, एक आया आणि कळा देणाऱ्या पाच बायका. दिवे गेले. आयाने टॉर्च धरला. पहाटेपर्यंत चौघी मोकळ्या झाल्या, त्यातलं एक मूल पायाळू. चौथीची वार पडली आणि रक्त थांबेना. गर्भाशय आकसतच नव्हता, हाताला भिजलेल्या कणकेसारखा लागत होता. इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, पोट चोळलं, तरी धार सुरूच. मग मी एक मूठ आत घातली, दुसरा हात पोटावर ठेवला आणि दोन्ही हातांत गर्भाशय दाबून धरला. माझ्या घड्याळाकडे माझ्या जोडीदारणीचं लक्ष होतं. ती नंतर म्हणाली, पस्तीस मिनिटं. हाताला मुंग्या आल्या, खांदा भरून आला, पण सोडता येत नव्हतं. सोडलं की ती बाई जाणार हे आम्हा दोघींनाही कळत होतं. हळूहळू तो गोळा कडक झाला. बाई वाचली. दुसऱ्या दिवशी दुपारी चिखलानं भरलेल्या पँटने डॉक्टर आले, केस पेपर पाहिला, सही केली आणि म्हणाले, ‘सिस्टर, तुम्ही होतात म्हणून.’

त्या रात्री मला कलम 33 कोणी दाखवलं नाही.

महोदय, आणि हे मी एकटीचं सांगत नाही. उपकेंद्रातली सहाय्यक परिचारिका प्रसाविका बाळंतपण करते. रक्तस्राव थांबवायचं ऑक्सिटोसिन देते. झटके येणाऱ्या गरोदर बाईला मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊन पुढे पाठवते. हे सगळं ती केंद्र सरकारच्या लेखी सूचनांप्रमाणे करते, आणि जवळपास डॉक्टर असतोच असं नाही. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरून बाईला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणतात तेव्हा तिच्या बाजूनं कोण चालत असतं? आशाताई असते, नाहीतर आमच्यातलीच एक असते. तिथे आमचे हात सरकारला चालतात. दिव्याच्या खोलीत मी नुसतं बीपी मोजलं, तर तेच हात बोगस?

बोगस डॉक्टरांबद्दल मला कुणी शिकवू नये. त्यांचं काम मी टेबलावर पाहिलंय. घरी कळा वाढवायचं इंजेक्शन दंडात टोचून, गर्भाशय फाटल्यावर रिक्षात घालून पाठवलेल्या बायका मी आत घेतल्या आहेत. त्या माणसांना पकडायचं असेल तर पत्ते मी देते. पण ज्यानं काहीच शिक्षण घेतलं नाही तो आणि जिची सरकारनेच परीक्षा घेतली, नोंदणी केली ती, या दोघांना एकाच यादीत टाकणं हा अपमान आहे. माझ्यापेक्षाही माझ्या विद्येचा.

खोली उघडण्याआधी मी परवानगी मागितली नव्हती असं कुणी म्हणेल. मागितली होती. एका कार्यालयात चार टेबलं फिरले. पहिल्या टेबलानं शुश्रूषागृहाचा फॉर्म दिला. दुसऱ्यानं विचारलं, खाटा किती? म्हटलं, एकही नाही, मी कुणाला दाखल करणार नाही. मग हा फॉर्म तुमचा नाही. तिसऱ्यानं परिचर्या परिषदेकडे बोट दाखवलं. चौथ्या टेबलावरच्या साहेबांनी चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘सिस्टर, तुमच्यासाठी अशी कॅटेगरीच नाही. अर्ज ठेवून जा, पंधरा दिवसांत लेखी उत्तर देतो.’ त्या पंधरा दिवसांना आता सात महिने झाले. लेखी उत्तर आलं नाही. गाडी आली.

आता कायद्याचं बोलते, कारण घरी बसल्यावर मी वाचू लागले आणि वाचून जास्त संताप झाला. 1949 साली तेव्हाच्या मुंबई प्रांतानं शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा केला, त्यात प्रसूतिगृहाकडे पात्र सुईण असायला हवी असं लिहिलं होतं. म्हणजे तेव्हाच्या राज्यकर्त्यांना सुईण माहीत होती. डिसेंबर 2018 मध्ये केंद्रानं मिडवायफरी सेवांच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. नोंदणीकृत परिचारिकेला 18 महिन्यांचं प्रशिक्षण द्यायचं आणि सरळ बाळंतपणांची जबाबदारी तिच्याकडे सोपवायची. चांगलं आहे, मी त्याचं स्वागत करते. पण ते सरकारी रुग्णालयातल्या कक्षापुरतं. रुग्णालयाच्या फाटकाबाहेर पाऊल टाकलं की त्याच बाईची ओळख पुसली जाते. 2019 च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात कलम 32 खाली डॉक्टर नसलेल्या सामुदायिक आरोग्य सेवकाला मर्यादित परवाना देण्याची सोय केली. 2023 मध्ये संसदेनं 1947 चा भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा बाजूला सारून राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवायफरी आयोगाचा नवा कायदा मंजूर केला. एवढे कायदे, आणि चौथ्या टेबलावर कॅटेगरी नाही.

न्यूझीलंडनं 1990 साली कायदा बदलून सुईणींना डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय बाळंतपण करायचा हक्क दिला. तेव्हा तिथल्या आरोग्यमंत्री हेलन क्लार्क होत्या. एका मंत्र्याने मनावर घेतलं तर होतं, एवढ्यासाठीच हे नाव घेतलं.

आमच्या गल्लीत फिजिओथेरपिस्ट स्वतःची पाटी लावतो, लावावीच, तो शिकलेला आहे. पण नर्सिंग ब्युरोंचं काय? ठाण्यात, वाशीत, नेरूळमध्ये फोन करा, बारा तासांची ‘नर्स’ संध्याकाळपर्यंत घरी येते. त्यातल्या कित्येक जणी कुठल्याच नर्सिंग शाळेची पायरी चढलेल्या नसतात. बिचाऱ्या पोटासाठी येतात, आठ दिवसांत नाकातली नळी सांभाळायला शिकतात, आणि त्यांच्या पगारातला वाटा ब्युरोवाला कापून घेतो. मी स्वतः अशा एका घरी गेले होते. आजोबांच्या कमरेवर तळहाताएवढी जखम झाली होती, कारण त्यांना कुशीवर वळवायचं असतं हेच त्या मुलीला कोणी सांगितलं नव्हतं. ब्युरोला पाटी आहे, जाहिरात आहे. मला पाटी नाही. मी त्या ब्युरोकडे नोकरीला लागले असते तर मंगळवारी कोणी आलं नसतं.

तुम्ही विचाराल (आता ‘आपण’ म्हणणं हातून सुटतंय, माफ करा), एवढी रुग्णालयं असताना हिच्या खोलीची गरज काय? एकदा सकाळी आठ वाजता दिव्याच्या फाटकाशी उभे राहा. गाड्या जात राहतात, फाटक पडलेलं राहतं आणि रिक्षात बसलेली पोटुशी घामाघूम होते. सरकारी तपासणीला दर महिन्याची 9 तारीख ठरलेली आहे. ही योजना 2016 पासून चालू आहे आणि चांगली आहे. पण घरकाम करणारी बाई त्या दिवशी रांगेत बसली तर चार घरांचा खाडा पडतो. साबे गावातली एक मुलगी असेच दोन महिने चुकवून माझ्याकडे आली. पायाला सूज, डोकं दुखतंय, नजरेसमोर चमकतंय. बीपी 160 वर 110. मी तिला गोळी दिली नाही, सल्ला देत बसले नाही. चिठ्ठी लिहिली, तिच्यासोबत रिक्षात बसले आणि तिला रुग्णालयात पोचवून आले. मूल अशक्त, पण दोघं जिवंत आहेत. सुईणीचं काम बाळ काढणं एवढंच नसतं. कुठे थांबायचं आणि कोणाकडे धाडायचं हे ओळखणं हे त्यातलं मोठं काम. ते काम मी केलं, आणि पंचनाम्यात त्या मुलीचं नाव ‘अवैध उपचार घेतलेल्या रुग्णां’त लिहिलं गेलं.

बाळंतपण सरळ होऊ देण्यासाठी बाईजवळ कुणीतरी बसावं लागतं, तासन्‌तास. ते बसणं कुणाला परवडत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रात 25.4 टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली, त्याआधीच्या फेरीत 20.1 टक्के होती. देशभरातल्या खासगी रुग्णालयांत तर 47.4 टक्के. सिझेरियन जीव वाचवतं, मी त्याच्या विरोधात नाही. पण निम्म्या बायकांचं शरीर अचानक बिघडलं का? मी नाही मानत. त्यांच्याजवळ बसणारी सुईण गेली.

2018-20 मध्ये महाराष्ट्राचं मातामृत्यूचं प्रमाण एक लाख जिवंत जन्मांमागे 33 होतं, केरळच्या खालोखाल देशात सगळ्यात कमी. हे आकडे भाषणात येतात तेव्हा सभागृहात टाळ्या पडतात. लेबर रूममध्ये त्या 33 च्या जागी जास्त होऊ नयेत म्हणून रात्रभर उभ्या राहिलेल्या माझ्या पोरी कंत्राटावर आहेत, अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर. रिक्त पदं भरत नाही, कंत्राट कायम करत नाही, आणि निवृत्त झाल्यावर आपल्या विद्येवर चार पैसे मिळवू देत नाही. मग तीन वर्षं शिकवता कशाला? डॉक्टरांच्या संघटना विरोध करतात म्हणून तुम्ही थांबता, हे मला कळतं. पण आमच्या संघटनेनं काळी फीत लावली तर तुमच्या फायलीवर काय फरक पडतो? 12 मेला, परिचारिका दिनी, गुलाबाचं फूल मिळतं, मेणबत्त्या पेटतात. ते फूल मला नको. 12 मेला एखादा शासन निर्णय काढा.

आमच्या या जिल्ह्यात, कल्याणला, 1865 साली डॉ. आनंदीबाई जोशी जन्मल्या. पंधराव्या वर्षाआधी त्यांचं मूल दहा दिवसांत गेलं आणि त्या दुःखातून त्या अमेरिकेला शिकायला गेल्या. एम.डी.चा प्रबंध त्यांनी प्रसूतिशास्त्रावर लिहिला. त्यांचे फोटो तुमच्या विभागाच्या भिंतींवर असतील. त्या फोटोखाली बसलेल्या माणसानं मला सांगितलं, अशी कॅटेगरीच नाही.

तर मागणं एवढंच. नोंदणीकृत परिचारिका-प्रसाविकेला स्वतःच्या नावानं सेवा देण्यासाठी राज्यात नियम करा. काय करावं आणि काय करू नये याची यादी त्यात असू द्या. ती कडक असली तरी चालेल, पण लेखी हवी. जवळच्या सरकारी रुग्णालयाशी आमची जोडणी करा, म्हणजे माझी चिठ्ठी घेऊन गेलेल्या बाईला पुन्हा केस पेपरच्या रांगेत उभं राहावं लागणार नाही. वर्षातून दोनदा तपासणी करा, परीक्षा घ्या, मी 62 व्या वर्षीही देईन. बोगस शोधणाऱ्या पथकात परिचर्या परिषदेचा एक माणूस ठेवा, म्हणजे प्रमाणपत्र वाचता येणारं कुणीतरी गाडीत असेल. आणि त्या मुलीचं नाव पंचनाम्यातून काढा, ती घाबरलीय, तिचा नवरा तिला आता कुठेच तपासणीला पाठवत नाहीये.

सातव्या महिन्यातल्या त्या बाईला मी येत्या शुक्रवारी बोलावलं होतं. तिचं हिमोग्लोबिन आठच्या खाली आहे आणि लोहाच्या गोळ्यांनी तिला उलट्या होतात. खोलीला कुलूप आहे. शुक्रवारी ती दारापर्यंत येईल, कारण तिच्याकडे फोन नाही आणि मी तिला कळवू शकलेली नाही. मी सकाळी दहाला कुलपाबाहेर स्टूल घेऊन बसणार आहे. पथकाला पुन्हा यायचं असेल तर वेळ कळवून ठेवली.

माझी पाटी तेवढी परत पाठवा. रंगाचे साडेआठशे रुपये दिलेत.

आपली,
एक निवृत्त परिसेविका,
दिवा (पूर्व), जि. ठाणे