कार्ड घेण्याआधी एसएमपीएसचं लेबल वाचा

मा. संपादक,
स. न.

आपल्या युवा पुरवणीत जुन्या डेस्कटॉपवर गेम खेळण्याविषयी लेख आला होता. त्यातला 'आधी ग्राफिक्स कार्ड घ्या, बाकीचं नंतर बघू' हा सल्ला विद्यार्थ्यांच्या खिशाला चाट लावणारा आहे, म्हणून हे पत्र. लेखातल्या तक्त्यात प्रोसेसर होता, रॅम होती, कार्डांची नावं होती. एसएमपीएस, म्हणजे आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, कुठेच नव्हता. जुन्या मशीनमध्ये कोणतं कार्ड चालेल हे मात्र तो डबाच ठरवतो.

मुलांच्या हाती बहुतेक वेळा ऑफिसातून निघालेलं ब्रँडेड मशीन असतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात तपकीर गल्लीत अशी रिफर्बिश्ड, म्हणजे दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेली, मशिनं मिळतात. नमुना म्हणून डेल ऑप्टिप्लेक्स ९०२० मिनी टॉवर घेऊ: २०१३ चं मॉडेल, आय-फाइव्ह ४५७० प्रोसेसर, ८ जीबी डीडीआर३ रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. असलं मशीन भंगारात काढायची गरज नाही. २०२५ च्या अखेरीपासून नव्या रॅमचे भाव असे चढलेत की नवं मशीन जुळवणं विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेर गेलंय, तेव्हा तर मुळीच नाही.

या मशीनचा एसएमपीएस २९० वॅटचा आहे. आकडा लहान वाटतो, पण हिशेब करून बघा. प्रोसेसर ८४ वॅट, जीटीएक्स १६५० हे ग्राफिक्स कार्ड ७५ वॅट, बोर्ड, डिस्क आणि पंखे मिळून चाळीस-पन्नास. बेरीज दोनशेच्या आसपास, म्हणजे चाललं. मदरबोर्डचा लांब पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट, म्हणजे कार्ड बसवायची खाच, जास्तीत जास्त ७५ वॅट देतो, त्यामुळे वेगळी पॉवर केबल न लागणारं कार्डच इथे घ्यायचं. गोची अशी की १६५० च्याच काही मॉडेलांना वर सहा पिनचं सॉकेट असतं, आणि ऑप्टिप्लेक्सच्या एसएमपीएसमधून तशी वायर निघतच नाही. दुकानदार लगेच 'साटा टू सिक्स पिन' कन्व्हर्टर पुढे करतो, म्हणजे हार्ड डिस्कच्या साटा वायरीतून कार्डाला वीज देणारी जोडवायर. फुकट दिला तरी घेऊ नका. साटा पॉवर कनेक्टरला १२ व्होल्टच्या तीनच पिना असतात, प्रत्येकी दीड अँपिअरच्या. म्हणजे सगळे मिळून साडेचार अँपिअर, ५४ वॅट. सहा पिनचं सॉकेट ७५ वॅटपर्यंत ओढू शकतं. आधी प्लास्टिक तपकिरी पडतं, मग जळका वास येतो, आणि कधीकधी कनेक्टर वितळून डिस्कला चिकटतो.

'मग एसएमपीएसच बदलू' हेही इथे सरळ नाही. या बोर्डाला नेहमीचा २४ पिनचा कनेक्टर नाही, डेलचा स्वतःचा ८ पिनचा आहे. २४ ते ८ पिनची जोडवायर मिळते. नवा एसएमपीएस घ्यायचाच असेल तर दोन्ही एकदमच घ्या. आणि डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या वॅटवर जाऊ नका. बाजूच्या बारीक लेबलवर '+१२ व्होल्ट'च्या रकान्यातले अँपिअर वाचा. तिथे १६ लिहिलं असेल तर सोळा गुणिले बारा, म्हणजे १९२ वॅट. वर ४५० छापलेलं असलं तरी. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही याच बारा व्होल्टवर जगतात. लोकल एसएमपीएसपेक्षा कंपनीचा मूळ २९० वॅटवाला बरा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

कार्डाकडे वळण्याआधी दोन गोष्टी जवळपास फुकटात होतात. गेम चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडा. डिस्क शंभर टक्क्यांवर असेल तर अडचण हार्ड डिस्कची. मेमरी काठोकाठ भरली असेल तर रॅमची. प्रोसेसर शंभरवर आणि ग्राफिक्स साठ-सत्तरवरच असेल, तर नव्या कार्डाने फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) वाढणार नाहीत. दुसरं म्हणजे साफसफाई. दहा-बारा वर्षांत हीटसिंकखालची, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या ठोकळ्याखालची, पेस्ट वाळून खडूसारखी होते, प्रोसेसर तापतो आणि स्वतःच वेग उतरवतो. हीटसिंक काढा, जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मधोमध वाटाण्याएवढी नवी पेस्ट ठेवा आणि स्क्रू तिरपे-समोरासमोर थोडे थोडे आवळा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. गरगर फिरू दिलं तर बेअरिंग जातं.

पहिला खर्च एसएसडीचा, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी येणाऱ्या वेगवान डिस्कचा. त्याने फ्रेम वाढत नाहीत हे आधीच सांगतो, पण गेम पटकन उघडतो आणि नवा भाग लोड होताना बसणारे झटके बरेच कमी होतात. २५६ जीबीवर भागवू नका: काउंटर-स्ट्राइक २ एकटाच ८५ जीबी जागा मागतो. विंडोज नव्याने टाकताना जुन्या हार्ड डिस्कची केबल काढून ठेवा. ती जोडलेली राहिली तर बूट लोडर (विंडोज सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) बरेचदा तिच्यावरच जाऊन बसतो, आणि पुढे ती डिस्क काढली की मशीन चालूच होत नाही. मग बोल मात्र एसएसडीला लागतो.

रॅम १६ जीबी करा, पण जोडीने. एकच पट्टी असेल तर डीडीआर३ १६०० चा वेग सेकंदाला १२.८ जीबी, दोन पट्ट्या वेगवेगळ्या चॅनेलवर (रॅमकडे जाणाऱ्या वेगळ्या वाटांवर) बसवल्या की दुप्पट. बाजारात ८ जीबीची फार स्वस्त डीडीआर३ पट्टी दिसली तर पाकिटावर 'फक्त एएमडीसाठी' असं आहे का ते बघा. इंटेलच्या बोर्डावर ती चालत नाही.

आता कार्ड. बजेटचा निम्म्याहून जास्त भाग इथे जावा, आणि आमची पसंती सहा पिन नसलेल्या १६५० ला. जीटीएक्स १०५० टीआय स्वस्त मिळतं, पण त्या पिढीसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर काढणं एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवलंय. आता फक्त सुरक्षेचे अपडेट येतील. रॅडिऑन आरएक्स ६४०० अवघं ५३ वॅट घेतं, छोट्या कॅबिनेटमध्ये बसणारंही मिळतं. मात्र ते स्लॉटमधल्या फक्त चार लेनवर, म्हणजे माहिती वाहून नेणाऱ्या चारच वाटांवर, चालतं, त्यामुळे जुन्या पिढीच्या स्लॉटमध्ये मार खातं, आणि गेम रेकॉर्ड करायला लागणारा एन्कोडर (व्हिडिओ तयार करणारा भाग) त्यात नाहीच. कॅबिनेट टॉवर नसून आडवं, चपटं असेल तर लो-प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचं, कार्ड लागेल. दुकानात जाण्याआधी स्लॉटपासून समोरच्या जाळीपर्यंतचं अंतर टेपने मोजून न्या.

सेकंडहँड कार्डात फसवणूक बरीच चालते. जुनं जीटीएक्स ५५० टीआय घ्यायचं, त्याची बायॉस (कार्डातला ओळख सांगणारा प्रोग्रॅम) बदलायची आणि १०५० टीआय म्हणून विकायचं, हा जुना धंदा. १०५० टीआयला मागे निळं व्हीजीए पोर्ट दिसलं की शंका घ्या. त्या पिढीच्या चिपमध्ये अ‍ॅनलॉग आउटपुटच नाही, आणि व्हीजीए अ‍ॅनलॉगच असतं. पैसे देण्याआधी दुकानातच जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर चालवा. १०५० टीआयला शेडर (कार्डातले हिशेब करणारे छोटे घटक) ७६८ दिसले पाहिजेत, १६५० ला ८९६. मग पंधरा मिनिटं थ्रीडी बेंचमार्क, म्हणजे कार्डावर ताण देणारी चाचणी, चालवून पडद्यावर ठिपके, रेघा उमटतात का ते बघा. जीएसटीचं पक्कं बिल मागा आणि त्यावर कार्डाचा सीरियल नंबर लिहून घ्या.

मॉनिटर जुना, फक्त व्हीजीएवाला असेल तर साधी केबल चालणार नाही. आतमध्ये चिप असलेला एचडीएमआय-टू-व्हीजीए कन्व्हर्टर लागेल. आणि मॉनिटरची वायर नव्या कार्डाला लावा. ती मदरबोर्डाच्या पोर्टातच राहिल्यामुळे 'कार्ड खराब निघालं' म्हणून परत आणणारे कमी नाहीत.

विंडोजबद्दलही लेख गप्प होता. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि आय-फाइव्ह ४५७० सारखे चौथ्या पिढीचे प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. पळवाट काढून ११ टाकता येतं. पण व्हॅलोरंट हा गेम खेळणाऱ्याने तसं करू नये. त्या गेमची व्हॅनगार्ड ही फसवणूक रोखणारी यंत्रणा विंडोज ११ वर टीपीएम २.० (मदरबोर्डवरची सुरक्षा चिप) आणि सिक्युअर बूट (मशीन सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) मागते. या मशीनमध्ये टीपीएम १.२ आहे, त्यामुळे 'व्हॅन ९००१' ही एरर येऊन गेम बंद पडतो. दुकानदाराने हौसेने ११ टाकून दिलं असेल तर कार्ड, रॅम, एसएसडी सगळं नवं असूनही मुलगा त्या एररकडे बघत बसतो.

शेवटचं यूपीएसचं. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. बॅटरी तीन-चार वर्षांची असेल तर वीज जाताच, गेमचा भार अंगावर असताना, तो क्षणात मान टाकतो. दोष कार्डावर येतो. गेम चालू ठेवून भिंतीवरचं बटण एकदा बंद करून बघितलं की कळतं.

तो तक्ता पुन्हा छापणार असाल तर एवढे दोन रकाने वाढवावेत: एसएमपीएसचे १२ व्होल्टवरचे अँपिअर, आणि कार्डाला सहा पिन लागते की नाही.

आपले,
संगणक दुरुस्तीच्या व्यवसायातील दोन वाचक, पुणे