तुझी एक टर्म देणं लागतो

प्रिय टिल्ल्या,

तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन सात महिने झाले आणि मी एका ओळीनेही विचारपूस केली नाही. कारणं सांगत बसत नाही, सांगितली तर तू ती एकेक करून मोडून काढशील. आम्ही सगळे ठीक. माझी साखर काठावर, सुधाची मान अधूनमधून धरते, अण्णा 87 चे झाले. झालं तब्येतीचं.

पत्राचा विषय संडास आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. हे दुसऱ्या कुणाला लिहिता येण्यासारखं नाही. दिघ्याला सांगितलं असतं तर त्याने संध्याकाळच्या आत त्याचा किस्सा करून सगळ्यांना पाठवला असता. शिवाय ज्याची माफी मागायची आहे तो तूच आहेस. पण त्याला वेळ आहे, आधी अण्णांचं.

अण्णा आमच्याकडे राहायला आले आणि दोन-तीन महिन्यांत कमोडच्या आसपास वास यायला लागला. फरशीवर पिवळट डाग, सांध्यांत काळपट रेघ. सुधा बोलत नाही हे तुला माहीत आहे. तिची बादली बोलते. रोज सकाळी ती बादली आधीपेक्षा थोडी जास्त जोरात आपटायला लागली, त्यावरून मला कळलं. मग एका रविवारी मी बाह्या सरसावल्या आणि न पुसताच फरशीवर भसाभस ब्लीच ओतलं. हा प्रयोग करू नकोस. लघवीतल्या युरियाचा जंतू अमोनिया करतात, तोच तो वास. आणि अमोनियाला ब्लीच भेटलं की क्लोरामाइनचा धूर होतो. खोकत बाहेर आलो तर अण्णा दारात उभे. म्हणाले, "आधी साधं पाणी टाकायचं रे." एवढंच. मला त्या वेळी त्याचाही राग आला.

मग मी गार्ड मागवला. तू पाहिला नसशील म्हणून सांगतो. वीतभर उंचीची पारदर्शक, लवचिक पट्टी असते. सीट वर केली की खाली भांड्याची जी कड दिसते, तिच्यावर ती पुढच्या बाजूने अर्धगोल बसवायची. खाली चार रबरी वाट्या, त्या ओल्या करून दाबल्या की चिकटतात. धार पाण्यावर किंवा भांड्याच्या उतारावर आपटून जे शिंतोडे पसरट उडतात, ते पट्टीला अडतात आणि ओघळून परत आत. वाट्या उपटल्या की निघतो, नळाखाली धरायचा, परत लावायचा. मी तो असा कौतुकाने लावला की जणू मीच शोधून काढलाय. सुधाला हाक मारून दाखवलासुद्धा. ती म्हणाली, "आणि हा कोण धुणार?"

प्रश्न रास्त होता. पट्टी आणि कड यांच्यामधल्या फटीत जे शिरतं ते तिथेच वाळतं, आणि दोन दिवस धुतला नाही तर गार्डलाच वास मारतो. पण काम करत होता, हे मान्य करायला हवं. बाजूची भिंत कोरडी, कमोडच्या बुडाशी पिवळा ओघळ नाही. मी खूश.

आठवड्याभराने पाहिलं तर कमोडच्या पुढे, माणूस उभा राहतो तिथे, बरोबर दोन अंगठ्यांच्या मधे, थेंब. दुसऱ्या दिवशीही तिथेच. मी ठरवून टाकलं की अण्णा लांब उभे राहतात. एक-दोनदा गार्डही जरा वाकडा बसलेला दिसला, म्हणजे ते तो काढतात, आणि वर काही सांगतही नाहीत. झालं, माझ्यातला मॉनिटर जागा झाला. तुला तो चांगला ठाऊक आहे.

मी अण्णांना समोर बसवून समजावलं. टिल्ल्या, मी माझ्या बापाला कसं मुतायचं ते समजावलं. जवळ उभं राहा, घाई करू नका, झाल्यावर जरा थांबा, गार्ड काढू नका. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि "बरं" म्हणाले. तेवढ्यावरही मी थांबलो नाही. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून आतल्या भिंतीवर चिकटवलं: "कृपया जवळ उभे रहावे. गार्ड काढू नये." दुसऱ्या दिवशी बघतो तर "रहावे" मधल्या र ला पेन्सिलने नाजूक काना दिलेला. राहावे. बाकी शेरा नाही, सही नाही. मला हसू आलं, पण कागद मी काढला नाही. तुला दुसरा एक कागद आठवतोय ना? हॉस्टेलच्या खोली नंबर नऊच्या बाहेरचा? येतो त्याच्यावर.

गेल्या सोमवारी ताई अण्णांना आठ दिवसांसाठी घेऊन गेली. मी त्या रात्री सगळं घासून काढलं. सायट्रिक अ‍ॅसिडने ते पिवळं खरपूड बऱ्यापैकी निघतं, बाकी कशाने मेलं हलत नाही. सांधे पांढरे केले, गार्ड धुऊन लावला. मनात म्हटलं, आठ दिवस तरी.

बुधवारी सकाळी दिवा लावला. दोन थेंब. बरोबर तिथेच.

घरात आम्ही दोघं. सुधा उभी राहत नाही.

मी किती वेळ तिथे उभा होतो कोण जाणे. डोकं अजून वकिली करत होतं: टाकी गळते का, शॉवरचं पाणी येतं का. शेवटी स्वयंपाकघरात जाऊन सुधाला म्हटलं, "अण्णा गेले तरी थेंब आहेतच." ती मान न वळवता म्हणाली, "अहो, अण्णा तर बसूनच करतात." मागच्या वर्षी तोल गेला होता ना त्यांचा, तेव्हापासून. सीट डगमगते म्हणून त्यांनी तिच्याकडून स्क्रू घट्ट करून घेतले होते. आणि गार्ड लावलेला असताना सीट खाली येत नाही रे! म्हणजे मी तो लावल्यापासून हा माणूस दर वेळी, रात्री दोनदा धरून, थरथरत्या हाताने चार वाट्या उपटतोय, सीट खाली घेतोय, उठल्यावर सीट वर करून परत चारही चिकटवतोय. मला कळू नये म्हणून. सुधाला रात्री टप, टप, टप, टप असं ऐकू यायचं. मी घोरत असायचो.

"मग मला सांगितलं का नाहीस?" तर म्हणे, "तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही सांगत होतात."

तर आता तू.

तुझ्या डोळ्यांसमोर ती खोली आली असेल. तिथेही दोन थेंबांवरूनच सुरू झालं होतं. मी तुझ्या नावाने कागद लावला, दिघ्या न्यायाधीश झाला, कॉम्रेडने साक्ष दिली (त्याने काय पाहिलं होतं देव जाणे), आणि तू अख्खी एक टर्म एकट्याने संडास धुतलास. त्या "खटल्यात" तू बादली उपडी घालून तिच्यावर उभा राहिलास आणि म्हणालास की पाण्याची धार खाली येता येता बारीक होते, पृष्ठताणामुळे तिचे थेंब होतात, प्लातो नावाच्या बेल्जियन माणसाने हे दाखवलं आहे, आणि तेही स्वतः आंधळा झाल्यावर; म्हणून ज्याची उंची जास्त त्याचेच शिंतोडे जास्त, आणि या खोलीत सहा फुटी एकच आहे. दिघ्या म्हणाला, "हा प्लेटो संडासावरही लिहून गेला का?" आणि सगळे इतके हसले की तू खटला तिथेच हरलास. सगळ्यांत जास्त मी हसलो होतो.

बुधवारी रात्री झोप येईना म्हणून वाचत बसलो. तुझा जोसेफ प्लातो बरोबर होता, पुढे रेली नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने त्याचं गणितही मांडलं. 2013 मध्ये अमेरिकेत ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या लोकांनी नकली धारा सोडून, अतिवेगवान कॅमेऱ्याने हेच चित्रित केलं. निघाल्यापासून साधारण 15 ते 18 सेंटिमीटरवर धारेचे थेंब होतात, आणि सलग धारेपेक्षा सुट्या थेंबांचे शिंतोडे वाईट. त्यांचा सल्ला: जवळ जा, तिरकी सोडा, आणि सगळ्यांत बरं म्हणजे बसा. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या मंडळींनी तर कोनच काढलाय. भांड्याच्या भिंतीशी धारेचा कोन 30 अंशांपेक्षा कमी ठेवला की शिंतोडे जवळजवळ बंद. कुत्रा एक पाय वर करतो ते उगीच नाही म्हणे. तुला हे आवडेल म्हणून लिहितोय. बादलीवर उभा राहून तू जे बोललास, ते खरं होतं. फक्त तू चार फूट अकरा इंच असल्यामुळे कुणी ऐकलं नाही. (पाच फूट. माहीत आहे. भांडू नकोस.)

आता माझ्याकडे बघ. वय 64, उंची तीच, धार मात्र ती राहिली नाही. सुरुवातीला फाटते, शेवटी रेंगाळते, आणि झालं म्हणून वळावं तर दोन थेंब मागाहून. गार्ड शिंतोडे अडवतो, पण हे थेंब सरळ पायांत पडतात, त्यांना कुठलं प्लास्टिक आडवं येणार? प्रोस्टेटचं असणार. डॉक्टरकडे जाईन. सुधाने मंगळवारची वेळ घेतली आहे, तेव्हा जावंच लागेल.

त्याची मला काळजी नाही. काळजी ही की परवा अण्णा परत येतायत आणि त्यांना काय सांगू ते सुचत नाही. "अण्णा, ते थेंब माझे होते", हे वाक्य मी आरशासमोर म्हणून पाहिलं. नाटकी वाटतं. नुसता गार्ड काढून टाकला तर ते समजतील आणि काहीच बोलणार नाहीत, आणि त्यांचं न बोलणं मला आता सोसवणार नाही. की ते एवढंच म्हणतील, "मला माहीत होतं"? रोज सकाळी त्यांच्या आधी मी आत जाऊन यायचो. त्यांनाही ते थेंब दिसत असणारच. पुसतही असतील, वाकून, त्या कंबरेने. तरी मी समजावत होतो तेव्हा चष्मा पुसत राहिले. शिक्षक माणूस, पोरगा चुकतोय हे कळूनही त्यांनी फक्त शुद्धलेखन तपासलं. याच्यावर मी रागवू की रडू, सांग.

लहानपणी आपण पालथं पाडलेलं दूध त्यांच्या नजरेला पडायचं तेव्हा काय व्हायचं, ते तू पाहिलं आहेस. त्या माणसाला एवढी सबुरी कधी आली? की त्यांना माझी भीती वाटते? हा विचार बुधवारपासून डोक्यातून जात नाही. मुलाच्या घरात राहणारा माणूस, रात्री वाट्यांचा आवाज होऊ नये म्हणून एकेक हळूच उपटणारा. तुझे बाबा शेवटची वर्षं तुझ्याकडे होते. तुला असं कधी जाणवलं का? आणि जाणवलं तेव्हा तू काय केलंस? मला खरंच विचारायचं आहे, उगाच पत्र लांबवायला लिहीत नाही.

एक विनोद ऐक, नाहीतर मी इथेच थांबेन. 2015 मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या कोर्टात खटला झाला. घरमालकाने भाडेकरूच्या अनामतीतले 1,900 युरो कापले, कारण उभ्याने केल्यामुळे बाथरूमचा संगमरवर खराब झाला. तज्ज्ञाने पाहणी केली, नुकसान लघवीनेच झालं हे कोर्टाने मान्य केलं, आणि निकाल भाडेकरूच्या बाजूने दिला! का, तर उभ्याने करणं अजून सर्रास चालतं, आणि संगमरवराला धोका आहे हे त्याला आधी सांगायला हवं होतं. असा न्यायाधीश आपल्याला मिळाला असता तर तुझी टर्म वाचली असती. आपल्याला दिघ्या मिळाला.

तुझं कसं आहे? चालतोस ना आता, की वहिनींना पळवतोस? नातीचं बारसं झालं म्हणे, नाव कळवलं नाहीस. घर बदलणार होतास त्याचं काय झालं? सविस्तर लिही.

टर्मचं मी विसरलेलो नाही. पुढच्या महिन्यात येतोच आहे, चार दिवस राहीन. बादली आणि ब्रश काढून ठेव. ब्लीच नको. वहिनींना कारण सांगू नकोस.

तुझाच,
लंब्या

ता. क. आज सकाळपासून बसायला लागलोय. पहिल्याच वेळी जरा उशीर झाला, तर सुधाने बाहेरून विचारलं, "अहो, पोट बिघडलंय का?"