शैलीच्या शोधात असलेल्या लेकीस

चि. बाळ हिस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. तुमच्या अध्यापकांनी तुझ्या चित्रांसमोर उभे राहून ‘हात चांगला आहे, पण यात तुझे असे काय आहे?’ असा प्रश्न केला आणि तेव्हापासून स्वतःची शैली कशी मिळवावी याखेरीज तुला काही सुचत नाही, असे तू लिहितेस. प्रश्न योग्यच आहे. मात्र त्याचे उत्तर सत्र संपण्यापूर्वी द्यावयाचे आहे अशा समजुतीने तू कधी सुरीने रंगाचे जाड थर देतेस, कधी नुसत्या काळ्या शाईवर येतेस, कधी माणसांचे चेहरेच पुसून टाकतेस, ही धावपळ मला पटलेली नाही. चित्रकला शिक्षक म्हणून माझी हयात आपल्या धानपट्ट्यातल्या शाळांत गेली; चित्रकार म्हणून तुला काही सांगण्याचा अधिकार मला नाही, पण मुलांचे हात कसे घडतात आणि कसे अडकतात हे मी जवळून पाहिले आहे, त्या आधारावर लिहितो.

शैली म्हणजे चित्रकाराने वारंवार घेतलेल्या निर्णयांची खूण, असे मी समजतो. समोरच्या दृश्यातले काय ठेवायचे, काय गाळायचे, किती अंतरावर उभे राहायचे, कागदाची कड कुठे येऊ द्यायची, कुंचला केव्हा खाली ठेवायचा, हे निर्णय प्रत्येक चित्रात घ्यावेच लागतात आणि त्यांपैकी बरेचसे आपण नकळत घेतो. रंग लावण्याची ढब ही त्यांतली एक लहानशी बाब आहे. ती डोळ्यांत लगेच भरते म्हणून नवशिका तिलाच शैली मानतो आणि दुसऱ्याचे काही उचलायचे झाले तरी तीच उचलतो.

तुझ्या जुन्या रेखाटनवह्या घरी आहेत; त्या मी पुन्हा काढून पाहिल्या. तुझ्या निसर्गचित्रांत क्षितिज जवळपास नेहमीच कागदाच्या वरच्या कडेलगत असते. जमीन पुष्कळ आणि आकाश चिंचोळे. याचे कारण, माझ्या मते, तू बसत होतीस ती जागा. तलावाच्या पाळीवर बसून खालच्या बांध्यांकडे, म्हणजे धानाच्या खाचरांकडे, पाहिले की क्षितिज वर सरकते आणि धुऱ्यांच्या, म्हणजे त्यांमधल्या बांधांच्या, वाकड्यातिकड्या रेषांनी सगळा कागद व्यापला जातो. रोवणी, म्हणजे धानाची लावणी, करणाऱ्या बायाही तू तिथूनच पाहिल्यास, म्हणून तुझ्या चित्रांत त्यांचे चेहरे क्वचितच आहेत. आहेत त्या वाकलेल्या पाठी, डोक्यावरचे पदर आणि हातातले पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे. आज मुंबईत चेहरे पुसून जो परिणाम तू साधू पाहतेस, तो त्या वह्यांत काहीही न पुसता साधलेला आहे, कारण जिथून तू पाहत होतीस तिथून चेहरा दिसतच नव्हता. आताच्या चित्रांत चेहरा आधी नीट रंगवलेला आणि मग त्यावर रंग फिरवलेला स्पष्ट कळतो. तुमच्या अध्यापकांना नेमके हेच खटकले असावे.

अर्थात प्रत्येक पुनरावृत्तीला शैली म्हणता येत नाही. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांसाठी मुले जी स्मरणचित्रे, म्हणजे आठवणीतून काढायची दृश्ये, घटवतात ती तू पाहिली आहेस. बाजाराचे दृश्य असो की बसस्थानकाचे, तीच छत्रीवाली बाई, तोच पाठमोरा टोपीवाला, कोपऱ्यात निम्मे कापलेले तेच झाड. ही माणसे मुलांनी पाहिलेली नसतात, पाठ केलेली असतात. प्रौढ चित्रकाराचेही असे होते. जे एकदा जमले, वाखाणले गेले, विकले गेले, ते तो न पाहता काढू लागतो, आणि मोबाईलवर रोज एकसारखे काही दाखवत राहणाऱ्याला लोक लवकर ओळखतात, हे त्याच्या पथ्यावरच पडते. तेव्हा तुझे वर गेलेले क्षितिजही तपासून पाहा. पाळीवरून खाली उतर, बांधीतल्या चिखलात उभी राहा आणि तेच दृश्य डोळ्यांच्या पातळीवरून काढ. तिथेही क्षितिज वर ढकलावेसे वाटले, तर त्याने चित्राला काय मिळते हे स्वतःला विचार. उत्तर सापडले तर ते ठेव, न सापडले तर ती नुसती हाताची सवय आहे.

चित्रकार सय्यद हैदर रझा यांचे उदाहरण मी मुद्दाम देतो, कारण चित्राच्या मध्यभागी बसवलेला गोल बिंदू म्हटले की रझा हे तुम्हा विद्यार्थ्यांना तोंडपाठ असते. १९२२ मध्ये मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया या रानातल्या गावी जन्मलेले रझा १९३९ मध्ये नागपूरला चित्रकला शिकायला आले, पुढे मुंबईत तुमच्याच जे. जे. कला महाविद्यालयात शिकले आणि १९५० मध्ये फ्रान्सला गेले. तोवर ते निसर्गचित्रे काढत होते आणि तिथेही बराच काळ घरे, गावे, झाडे हेच त्यांचे विषय होते. १९६२ मध्ये अध्यापनासाठी अमेरिकेला गेल्यावर तिथल्या अमूर्त चित्रकारांचे काम पाहून त्यांचा रंग आणखी मोकळा झाला. बिंदू मध्यभागी येऊन बसला तो साठीच्या आसपास. चंचल मुलाचे लक्ष स्थिर व्हावे म्हणून शाळेतल्या गुरुजींनी भिंतीवर ठिपका काढून त्याकडे पाहत बसवले होते, अशी आठवण ते सांगत. ठिपका बालपणापासून जवळ होता. त्याचे चित्र होण्यापूर्वी रझांना कित्येक दशके दुसरीच चित्रे काढावी लागली.

अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे तर नागपुरातच, १९२४ मध्ये जन्मले. त्यांच्या सुरुवातीच्या चित्रांत मानवाकृती आहेत, स्विस-जर्मन चित्रकार पॉल क्ले यांची छाया उघड दिसते, आणि ती लपवण्याची खटपट कुठे जाणवत नाही. पुढे आकृती गळत गेल्या, रोलर आणि सुरी हाती आली, थर देणे आणि खरवडणे सुरू झाले, आणि वर्षाकाठी मोजकीच चित्रे होऊ लागली. रोलर कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. तो त्यांच्या हाती येईपर्यंत काय काय गळाले, ते पाहण्यासारखे आहे.

आता तुझ्या पत्रातल्या ज्या बेताने मला खरी काळजी वाटली त्याबद्दल. विदर्भाची म्हणून ओळख पटावी यासाठी पळस, बैलबंडी आणि मोर घ्यावेत व ते गोंडी चित्रांप्रमाणे ठिपक्यांनी भरावेत, असे तू म्हणतेस. ही चित्रे ज्यांच्यापासून नावारूपाला आली ते जनगढ सिंह श्याम हे गोंडांची गाणी गाणाऱ्या परधान समाजातले, मध्य प्रदेशातल्या पाटनगढचे. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांच्या पुढाकाराने ते भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रात आले आणि पिढ्यान्‌पिढ्या गाण्यांत राहिलेल्या देवतांना त्यांनी कागदावर रूप दिले. त्यांच्या मागून आलेल्या त्यांच्या आप्तांनीही आकार भरण्यासाठी आपापली वेगळी नक्षी शोधली. म्हणजे ज्यांचा तो वारसा, त्यांनीसुद्धा एकमेकांचे ठिपके सरसकट घेतले नाहीत. आपल्या घरात तो वारसा नाही. त्या चित्रांचा अभ्यास अवश्य कर, पण मोराच्या अंगावर ठिपके देऊन गाव चित्रात येत नाही. पळस घ्यायचाच असेल तर फाल्गुनातला केशरी पळस सगळेच काढतात. वैशाखात त्याच झाडाखाली दुपारी सावली कोणत्या रंगाची असते, हे मला अजून कोणाच्या चित्रात नीट सापडलेले नाही.

नक्कल करण्यास मात्र माझा विरोध नाही. व्हॅन गॉगने फ्रेंच चित्रकार मिले याची चित्रे काळ्यापांढऱ्या छापील प्रतींवरून रंगात उतरवली, हिरोशिगेची जपानी चित्रे तैलरंगात केली, आणि ती पाहताना दोघेही दिसतात. नक्कल करताना मूळ चित्रातले काय आपल्याला पाळवत नाही, याची नोंद वहीत ठेवत जा.

वर्षभर एकच विषय घे, रोवणीचा. कागद एकाच मापाचा ठेव आणि रंग थोडे वापर: गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळ, पांढरा आणि एखादा निळा. अजिंठ्याच्या चित्रकारांकडे याहून फारसे जास्त रंग नव्हते, आणि सोळावे लेणे ज्या वाकाटक राजाच्या मंत्र्याने कोरवून घेतले त्या राजाची राजधानी वत्सगुल्म म्हणजे आपले वाशीम. रंग कमी असले की सुटका निर्णयांतूनच शोधावी लागते. या काळात झालेले काम कोणाला दाखवण्याची घाई करू नकोस, आणि फसलेले कागद फाडू नकोस. त्यांच्या मागे तारीख टाकून ठेव.

दिवाळीच्या सुटीत येशील तेव्हा धान कापणीला आलेले असेल, म्हणजे रोवणी दिसणार नाही. त्यासाठी पुढच्या आषाढात आठ दिवस काढून येता येईल का, ते आताच महाविद्यालयात विचारून ठेव. जुन्या वह्या तुझ्या आईने पेटीत ठेवल्या आहेत. त्या टपालाने पाठवणार नाही, इथेच पाळीवर नेऊन पाहाव्यात अशी इच्छा आहे. जलरंगाचा जाड कागद पुढच्या आठवड्यात नागपूरहून आणीन; माप कोणते हवे ते लगेच कळव.

तुझे,
बाबा