पूररेषा कुठल्या मॉडेलवरून आखली?

संपादक महोदय,

आता संगणक सगळं सांगतो, नदीच्या सिमेंटमधल्या छोट्या प्रतिकृतींचे, म्हणजे मॉडेलांचे, दिवस गेले, असा पूररेषेवरच्या आपल्या लेखाचा सूर होता. माझी सगळी नोकरी जलशास्त्राच्या प्रयोगशाळेत ही मॉडेलं उभी करण्यात गेली, त्यामुळे चार ओळी लिहितो.

नदीच्या आडव्या छेदांचे पत्र्याचे साचे कापायचे, लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) लावून ओळीने उभे करायचे, मधे वाळू ठासून वर गिलावा. 1:100 च्या मॉडेलात सेकंदाला एक लिटर पाणी सोडलं की फ्रूडच्या नियमाने (मॉडेलातल्या वाहत्या पाण्याचं माप खऱ्या नदीच्या मापात बदलायचा नियम) ते प्रत्यक्षातले 100 घनमीटर, म्हणजे साडेतीन हजार क्युसेक. वेळ मात्र दहापटच आखडते. सहा तासांचा पूर 36 मिनिटांत आटपतो. सांडव्याखाली पाणी कुठे उसळतं, कुठे भोवरा धरतं, हे पोटॅशियम परमँगनेटची जांभळी धार सोडली की नुसत्या डोळ्यांनी दिसायचं. (साहेब लोक पाहणीला आले की ती धार हमखास सुटायची.)

पण नदीतला बारीक गाळ त्याच मापात आणखी बारीक केला तर तो चिकणमातीसारखा धरून बसतो. खऱ्या सांडव्यावरचा पांढरा फेसही मॉडेलात तसा उतरत नाही. आणि 100 किलोमीटर नदी बांधायची तर शेड एक किलोमीटर लांब हवी! तिथे संगणकच बरा.

त्याला मात्र पात्राचा खडबडीतपणा, म्हणजे तळ आणि काठ पाण्याला किती अडवतात त्याचा आकडा (मॅनिंगचा गुणांक), आपणच सांगावा लागतो. मोकळ्या पात्राला 0.03 धरा, झाडोरा माजलेल्याला 0.05. रुंद पात्रात एवढ्याशा फरकाने त्याच विसर्गाला खोली साधारण तिसऱ्या हिश्शाने वाढते, म्हणजे तीन मीटरचं पाणी चार मीटर. कुठला आकडा खरा, हे जुन्या पुराच्या भिंतीवरच्या खुणेशी ताडूनच ठरतं. सिमेंटचं मॉडेलही आम्ही तसंच जुळवत असू, तळाला खडी चिकटवून.

12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, त्या पाण्याच्या खुणा पुण्यात पेठांतल्या कितीतरी जुन्या भिंतींवर होत्या. आता वाडे पडताहेत. पाडकामाची परवानगी देण्याआधी महापालिकेने अशा खुणेची समुद्रसपाटीपासूनची उंची मोजून नोंदवावी. लेव्हल घेऊन गेलेल्या दोन माणसांचं अर्ध्या तासाचं काम आहे. आणि आपण पूररेषेचा नकाशा छापाल तेव्हा खाली एवढं द्या: मॉडेल कुठलं, खडबडीतपणा किती धरला आणि कोणत्या वर्षाच्या पुराशी ताडून पाहिलं.

– एक निवृत्त मॉडेल सहायक, पुणे