पंचनामा ओळ न् ओळ वाचणाऱ्या वकीलबाईंचे जाहीर आभार

आदरणीय वकीलबाई,

सा. न. वि. वि.

माझ्या धाकट्या भावाच्या अपघाताच्या दाव्याचा निकाल लागला, त्या दिवशी कोर्टाच्या आवारात मी आपले तोंडी आभार मानले होते. परंतु आपण नेमके काय केले, हे अशाच प्रसंगातून जाणाऱ्या इतरांच्याही वाचनात यावे, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

भावाची दुचाकी आणि ट्रक यांच्या त्या अपघातानंतर भाऊ रुग्णालयात बेशुद्ध होता आणि पोलीस ठाण्यात आधी पोहोचला तो ट्रकचालक. त्यामुळे फिर्याद त्याच्या सांगण्यावरून नोंदली गेली आणि भरधाव व हयगयीने वाहन चालवल्याबद्दल, भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खाली, माझा जखमी भाऊच आरोपी झाला. एफआयआरमध्येच चूक तुमची दाखवली आहे, आता भरपाई विसरा, असे जो तो सांगत होता. आपण मात्र पहिल्याच भेटीत समजावले की फिर्यादीने तपास सुरू होतो, दोष सिद्ध होत नाही. निष्काळजीपणा कोणाचा हे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आपल्यासमोर आलेल्या पुराव्यावरून ठरवते, आणि तिथे फौजदारी खटल्याइतका काटेकोर पुरावा लागत नाही, अधिक संभवनीय काय ते पाहिले जाते. अपघातापासून सहा महिन्यांत दावा दाखल करण्याची अट १ एप्रिल २०२२ पासून लागू असल्यामुळे हे आम्हाला वेळेत कळणे फार मोलाचे होते.

घटनास्थळाच्या पंचनाम्याची नक्कल हाती आल्यावर आपण ती ज्या बारकाईने वाचलीत, ते मी विसरू शकत नाही. सोबतच्या हातनकाशात टायर घसटल्याची खूण रस्त्याच्या मधल्या पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे, म्हणजे भावाच्या बाजूला, संपत होती. हेडलाइटच्या काचा आणि सांडलेले ऑइलही त्याच बाजूला नोंदलेले होते. मोटार वाहन निरीक्षकाच्या तपासणी अहवालात ट्रकचा उजवा कोपरा चेपल्याचा उल्लेख होता. भाऊच ट्रकच्या बाजूला गेला, ही फिर्यादीतली हकिकत खरी असती, तर या खुणा पट्ट्यापलीकडे सापडायला हव्या होत्या. ते कागद आमच्याही डोळ्यांखालून गेले होते, पण त्यांचा एकमेकांशी मेळ आपण घातलात. भाऊ बोलू लागताच त्याचा पुरवणी जबाब घ्यावा, असा लेखी अर्ज आपण पोलीस अधीक्षकांकडे दिलात आणि दोषारोपपत्र अखेर ट्रकचालकाविरुद्ध दाखल झाले.

भावाला रुग्णालयात नेणारे गृहस्थ पोलिसांच्या फेऱ्यात अडकण्याच्या भीतीने पुढे येत नव्हते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले, अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारे कलम १३४अ आपण त्यांना वाचून दाखवलेत आणि साक्ष देण्याची सक्ती त्यांच्यावर कोणी करू शकत नाही, हे स्पष्ट सांगितलेत. ते ऐकल्यावरच ते स्वखुशीने साक्षीला आले. त्यांच्याही ऋणात आम्ही आहोत.

दुचाकीवर तिघे होते, हा विमा कंपनीच्या वकिलांचा मुख्य मुद्दा होता आणि त्यावरून भावाचा सहदोष, म्हणजे अपघातात त्याचाही काही वाटा, धरून भरपाई कापावी, असा त्यांचा आग्रह होता. आपण सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निर्णय पुढे ठेवलात : तिघे बसणे हा नियमभंग असला, तरी त्यामुळे अपघात घडला किंवा त्याला हातभार लागला असे दाखवल्याशिवाय केवळ तेवढ्यावरून सहदोष मानता येत नाही. न्यायाधिकरणाने तो मान्य केला आणि भरपाईत कपात केली नाही. माझ्या मते संपूर्ण दाव्यातला हा सर्वांत अवघड टप्पा होता, कारण तिथे आपली बाजू वरवर पाहता लंगडी दिसत होती.

भरपाईची रक्कम जमा झाली असून भावाच्या पुढील शस्त्रक्रियेची तारीख ठरली आहे. ट्रकचालकाविरुद्धचा फौजदारी खटला अजून चालू आहे. त्यात भावाची साक्ष होईल, तेव्हा त्याला पुन्हा आपल्या मार्गदर्शनाची गरज लागेल.

आपली ऋणी,
अपघातग्रस्ताची थोरली बहीण