मुलीच्या दृढीकरणानिमित्त आभार

अमेरिकेतील आमच्या एपिस्कोपल या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीत गेल्या रविवारी बिशपांनी मस्तकावर हात ठेवून माझ्या मुलीचे दृढीकरण (बाप्तिस्म्याची वचने स्वतः जाहीरपणे स्वीकारण्याचा विधी) केले. त्यासाठी वर्षभर राबलेल्या, पण ‘आमची नावे घेऊ नका’ असे बजावणाऱ्या सर्वांचे मी मनःपूर्वक आभार मानते. १९७९ च्या प्रार्थनापुस्तकातील बाप्तिस्म्याची वचने केवळ पाठ करून न घेता, प्रत्येक माणसात ख्रिस्ताला शोधून त्याची सेवा करणे म्हणजे काय, हे तुम्ही मुलांना अन्नवाटपाच्या दिवशी डबाबंद घेवड्याचे खोके उचलायला लावून शिकवले. (घरी ती स्वतःचे ताटही उचलत नसे, हे कबूल करते.) १९७० साली नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या संस्कारांत मी वाढले. माझ्या मुलीच्या अवघड प्रश्नांना न रागावता उत्तरे देणाऱ्या, आणि उत्तर नसल्यास तसे सांगणाऱ्या आजींची मी विशेष ऋणी आहे.